ऑल्ट-शिफ्ट-टॅब दाबलं की मराठी कीबोर्ड इंग्रजी होतो : कारण आणि कायमचा उपाय

लक्षण आधी सांगते, म्हणजे तुमचा त्रास हाच आहे का ते लगेच कळेल. तुम्ही लिनक्सवर मराठी आणि इंग्रजी असे दोन कीबोर्ड लेआउट लावले आहेत. एका विंडोतून दुसरीत जायला ऑल्ट-टॅब वापरता. पुढे जाताना सगळं ठीक चालतं. पण हवी ती विंडो चुकून मागे पडली म्हणून शिफ्ट धरून उलटं यायला जाता आणि घोटाळा होतो. एक तर यादी मागे न येता पुढेच सरकते, नाहीतर मागे येते, पण विंडोत पोचून टाइप करायला लागलं की भलतीच अक्षरं उमटतात. ‘मराठी’ लिहायला बोटं नेहमीच्या जागी पडतात आणि पडद्यावर येतात इंग्रजी सी, जे, ई, दुहेरी अवतरणचिन्ह आणि आर. उलट बाजूने, मुंबईचं इंग्रजी स्पेलिंग टाइप केलं की ‘सहसवोग’ दिसतं. इनस्क्रिप्ट ही मराठी कीबोर्डची मांडणी वापरणाऱ्यांनी ही अक्षरं बघितली तर लगेच ओळख पटेल.

गिरगावात ठाकूरद्वारजवळ एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर आमचं भाषांतराचं काम चालतं. काम बहुतेक कोर्टाच्या कागदांचं. मुंबई उच्च न्यायालयाचं कामकाज इंग्रजीत चालतं आणि पक्षकार घेऊन येतात ते सातबारे, फेरफार, खरेदीखतं, मृत्युपत्रं मराठीत. त्यामुळे आमच्या प्रत्येक टेबलावर तीन विंडो कायम उघड्या असतात: स्कॅन केलेला मूळ कागद, लिब्रेऑफिस रायटरमधलं भाषांतर आणि ब्राउझरमध्ये परिभाषा कोश. एक ओळ वाचायची, शब्द बघायचा, लिहायचं, परत कागदाकडे. माउसला हात लावला की लय तुटते, म्हणून आम्ही सगळे ऑल्ट-टॅबवाले. आणि भाषांतर इंग्रजी असलं तरी तळटिपांत, गावांच्या आणि शिवाराच्या नावांत मूळ मराठी शब्द द्यावा लागतोच. म्हणजे विंडो बदलणं आणि लेआउट बदलणं, दोन्ही एकाच मिनिटात चार-चार वेळा.

आमच्यातले काका आधी कोर्टात होते. इनस्क्रिप्टवर त्यांचा हात असा चालतो की बघत राहावं. गेले दोन महिने ते दर दोन दिवसांनी हाक मारायचे, “अगं, परत बिघडलं बघ.” मी जायचे, लेआउट नीट करून द्यायचे, परत यायचे. शेवटी एकदा मात्र खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटलं, “काका, तुम्ही काम करा, मी नुसती तुमची बोटं बघते.”

डावा अंगठा ऑल्टवर. मधलं बोट टॅबवर, एकदा, दोनदा. हवा तो कागद निघून गेला. करंगळी खाली सरकून शिफ्टवर आली. आणि करंगळी शिफ्टला टेकली त्याच क्षणी, टॅब दाबण्याच्या आधीच, पॅनेलवरचं लेआउटचं चिन्ह भारतावरून अमेरिकेवर गेलं. काकांचं लक्ष विंडोच्या यादीकडे होतं, त्यामुळे त्यांना ते कधी दिसलंच नव्हतं. ते म्हणाले, “मी नुसतं शिफ्ट धरलं गं!” आणि खरंच, त्यांनी नुसतं शिफ्टच धरलं होतं.

तेव्हा आधी एक गोष्ट मनातून काढून टाका. कीबोर्ड बिघडलेला नाही, टॅबचं बटण अडकत नाही, आणि तुमच्या हाताचंही काही चुकत नाही. ऑल्ट आणि शिफ्ट या एकाच जोडीला दोन कामं लावून दिली आहेत. विंडो मॅनेजर, म्हणजे विंडो सांभाळणारा प्रोग्रॅम, म्हणतो, ऑल्ट-शिफ्ट-टॅब म्हणजे उलटं जा. कीबोर्डची मांडणी म्हणते, ऑल्ट-शिफ्ट म्हणजे भाषा बदल. दुसऱ्याला तिसऱ्या बटणाची वाट बघायची नसते, त्यामुळे पहिला नंबर त्याचा लागतो.

आत्ता, या मिनिटाला काय करायचं

सेटिंगमध्ये हात घालायला वेळ नसेल आणि समोर पक्षकार बसला असेल तर शिफ्ट वापरूच नका. ऑल्ट धरून ठेवा, टॅबने यादी उघडा आणि मागे यायला डाव्या बाणाचं बटण दाबा. एक्सएफसीई आणि ग्नोम या लिनक्सच्या दोन्ही डेस्कटॉपांत हे चालतं, विंडोजवरही चालतं. यादी उघडली आणि लक्षात आलं की जायचंच नव्हतं, तर ऑल्ट धरलेला असतानाच एस्केप दाबा, होता तिथेच राहाल.

यादीचा क्रम एकदा समजून घेतला तर उलटं यायची गरजही कमी पडते. ऑल्ट-टॅबची यादी विंडो उघडल्याच्या क्रमाने नसते, शेवटी कोणती वापरली त्या क्रमाने असते. एकदा टॅब दाबून सोडलं की लगेच आधीची विंडो, परत एकदा केलं की मूळ विंडो. दोन विंडोंमध्ये झोके घेताना म्हणून कधी चूक होत नाही. तिसरी विंडो मध्ये आली की मात्र क्रम दर वेळी बदलतो आणि हात अंदाजाने चालतो. काकांचा घोळ नेमका कोश उघडल्यावर व्हायचा तो यामुळे. मी त्यांना कोश दुसऱ्या वर्कस्पेसवर, म्हणजे त्याच संगणकाच्या दुसऱ्या आभासी पडद्यावर, ठेवायला सांगितला. एक्सएफसीईत मुळातच कंट्रोल-एफ-१ ने पहिल्या आणि कंट्रोल-एफ-२ ने दुसऱ्या वर्कस्पेसवर जाता येतं, आणि तिथे क्रमाचा प्रश्नच येत नाही.

असं का होतं

लिनक्सवरचे पुष्कळ डेस्कटॉप आजही पडदा आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या एक्स विंडो सिस्टीमच्या (थोडक्यात ‘एक्स’च्या) अकराव्या आवृत्तीवर उभे आहेत, आणि ती १९८७ सालची. तिच्यात कोणत्या बटणाचा काय अर्थ हे ठरवणारा एक तक्ता असतो. लेआउट बदलायला ऑल्ट-शिफ्ट निवडलं की त्या तक्त्यात लिहिलं जातं: ऑल्ट दाबलेलं असताना शिफ्टचं बटण हे शिफ्ट नाही, ‘पुढचा लेआउट’ आहे. म्हणजे काकांची करंगळी शिफ्टवर पडली तेव्हा संगणकाच्या लेखी ते शिफ्ट उरलंच नव्हतं. म्हणूनच कधी कधी यादी मागे येत नाही. विंडो मॅनेजरला ऑल्ट-शिफ्ट-टॅब पोचतच नाही, साधं ऑल्ट-टॅब पोचतं आणि तो पुढे जातो.

विंडोजवर हा त्रास जाणवत नाही, कारण तिथे भाषा बदलते ती बटणं सोडल्यावर, आणि तीही मध्ये दुसरं काही दाबलं नसेल तर. एक्समध्ये बदल दाबल्याबरोबर होतो. विंडोजवरून आलेली मंडळी सवयीने इथेही ऑल्ट-शिफ्टच निवडतात. आमच्याकडेही संगणक पहिल्यांदा लावताना मीच ते निवडलं होतं, काकांना जुनी सवय सोडायला लागू नये म्हणून.

उपाय

लेआउट बदलण्याचं काम ऑल्ट-शिफ्टकडून काढून घ्यायचं. विंडोचे शॉर्टकट जसेच्या तसे ठेवा, ते बदलायला जाऊ नका. उलट्या टॅबला दुसरं काही लावलं तरी ऑल्ट-शिफ्ट असलेले बाकीचे शॉर्टकट तसेच अडकत राहतील.

एक्सएफसीईत सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा, त्यात लेआउटचा टॅब. वरचं ‘यूज सिस्टीम डिफॉल्ट्स’ बंद करा, मग खालचे पर्याय उघडतील. ‘चेंज लेआउट ऑप्शन’ नावाची यादी आहे, तिथे ऑल्ट-शिफ्टच्या जागी दुसरं काही निवडा. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये कीबोर्ड, लेआउट्स, ऑप्शन्स असं जाऊन ‘स्विचिंग टू अनदर लेआउट’ बघा. तिथे एक सावधगिरी: ती टिक मार्कांची यादी आहे. नवीन टिक केली म्हणून जुनी आपोआप जात नाही. ऑल्ट-शिफ्टची टिक हाताने काढा, नाहीतर दोन्ही चालू राहतील आणि तुम्ही म्हणाल उपाय लागू पडला नाही. ग्नोममध्ये लेआउट बदलायला मुळातच सुपर-स्पेस असतं (सुपर म्हणजे विंडोजच्या चिन्हाचं बटण). तुमच्याकडे ऑल्ट-शिफ्ट असेल तर ते बहुधा ट्वीक्स या जादा सेटिंगच्या प्रोग्रॅममधून लावलेलं असणार, तिथेच जाऊन काढा.

आता दुसरं काय निवडायचं, याबद्दल माझं मत ठाम आहे. उजवा ऑल्ट निवडू नका. मराठीच्या इनस्क्रिप्ट मांडणीत उजवा ऑल्ट हे तिसऱ्या पातळीचं बटण आहे, म्हणजे ते धरून दाबलं की त्याच बटणाचं तिसरं चिन्ह उमटतं. उजवा ऑल्ट धरून ४ दाबलं की रुपयाचं चिन्ह येतं. खरेदीखतात ते पानोपानी लागतं, ते घालवून बसू नका. याच कारणाने मराठी लेआउट चालू असताना उजव्या ऑल्टने टॅब दाबून विंडो बदलायला गेलात तर काहीच होणार नाही. तो बिघाड नव्हे, विंडो बदलायला डावाच ऑल्ट वापरायचा.

नुसतं कॅप्स लॉक हा बरा पर्याय आहे. पण यादीत त्याहून चांगला एक आहे: कॅप्स लॉकने पहिला लेआउट, शिफ्ट-कॅप्स लॉकने दुसरा. माझ्या मते मराठी-इंग्रजी काम करणाऱ्या प्रत्येकाने हाच घ्यावा. बाकीचे बहुतेक पर्याय उलटापालट करणारे आहेत, दाबलं की आता जे आहे त्याच्या उलट. म्हणजे आता काय आहे ते आधी डोळ्यांनी बघावं लागतं. या पर्यायात बघायची गरज नाही. लेआउटच्या यादीत इंग्रजी पहिलं आणि मराठी दुसरं असेल तर कॅप्स लॉक दाबलं की इंग्रजी, मग आधी काहीही असो. शिफ्टसकट दाबलं की मराठी. पासवर्डच्या चौकटीत, जिथे नुसते ठिपके दिसतात, तिथे याचं मोल कळतं. एका सरकारी पोर्टलवर काकांचं खातं तीन चुकीच्या पासवर्डांमुळे दिवसभर बंद पडलं होतं. पासवर्ड बरोबर होता, लेआउट मराठी होता.

कॅप्स लॉकचं मूळ काम यात जातं, तेवढं खरं. कोर्टाच्या मसुद्यात पक्षकारांची नावं आणि मथळे मोठ्या अक्षरांत लागतात. त्यासाठी रायटरमध्ये शब्द निवडून शिफ्ट-एफ-३ दाबत जा, अक्षरं लहान-मोठी होत जातात. काकांना याची सवय दोन दिवसांत झाली.

मग परत का येतं

इथेच मी सगळ्यात जास्त अडकले, म्हणून हे जरा सविस्तर सांगते. सुरुवातीला मी काकांच्या संगणकावर टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या विंडोतून, सेट-एक्स-केबी-मॅप ही आज्ञा वापरून बदल केला होता. संध्याकाळपर्यंत सगळं छान. दुसऱ्या दिवशी सकाळी परत हाक.

पहिली चूक माझी अशी होती की ही आज्ञा नवा पर्याय जुन्यात मिळवते, जुना काढत नाही. कॅप्स लॉक लागलं, ऑल्ट-शिफ्टही तसंच राहिलं. आधी पर्यायाच्या जागी रिकामी अवतरणचिन्हं देऊन जुनं सगळं पुसायचं आणि मग नवं द्यायचं, अशी पद्धत आहे. सध्या काय काय लागलं आहे ते याच आज्ञेला पुढे डॅश आणि क्वेरी जोडून विचारता येतं. उत्तरात ‘ऑप्शन्स’ची ओळ बघायची. तिथे ऑल्ट-शिफ्ट-टॉगल दिसलं तर ते अजून आहे.

ते पुसलं. तरी सकाळी परत तेच. संगणक आम्ही बंद करत नाही, नुसता झोपवतो, त्यामुळे नव्याने लॉगिन झालं म्हणून गेलं असंही म्हणता येईना. मग एका सकाळी लवकर आले तेव्हा उलगडलं. झाडलोट करणाऱ्या मावशी टेबल पुसताना कीबोर्ड उचलतात, यूएसबीची वायर सुटते, त्या ती नीट परत लावून जातात. त्यांचं काम अगदी चोख आहे. पण वायर काढून लावली की एक्सच्या दृष्टीने तो नवा कीबोर्ड असतो, आणि नव्या कीबोर्डला तो संगणकाच्या मूळ सेटिंगमधला तक्ता देतो. टर्मिनलमधून केलेला बदल जुन्या कीबोर्डबरोबर गेला. ज्यांचा लॅपटॉप घरी जातो आणि ऑफिसात आल्यावर बाहेरचा कीबोर्ड लागतो, त्यांना हा अनुभव रोज येत असेल.

म्हणून बदल दोन ठिकाणी करा. एक वर सांगितलेल्या डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये. दुसरा संगणकाच्या मुळाशी. डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यावर सुडो लिहून पुढे डीपीकेजी डॅश रीकॉन्फिगर आणि जागा सोडून कीबोर्ड डॅश कॉन्फिगरेशन अशी आज्ञा द्या, सगळी इंग्रजी लहान अक्षरांत. ती एकेक प्रश्न विचारते: कीबोर्ड कुठल्या प्रकारचा, कुठला देश, कुठली मांडणी, आणि मग दोन लिप्यांमध्ये बदल कसा करायचा. लिपी बदलायच्या या प्रश्नावर आमच्याकडे ऑल्ट-शिफ्ट निवडलेलं होतं. तिथे कॅप्स लॉक निवडलं, लॉगआउट करून परत लॉगिन केलं आणि मी स्वतः तीनदा वायर काढून लावून बघितली. टिकलं.

आयबस या भाषा टाइप करायच्या प्रोग्रॅममधून मराठी टाइप करत असाल तर एक जागा आणखी तपासा. आयबसच्या प्रेफरन्सेसमध्ये ॲडव्हान्स्डच्या टॅबखाली सिस्टीमचा कीबोर्ड लेआउट वापरण्याचा पर्याय आहे. तो बंद असेल तर आयबस स्वतःचा लेआउट लावतो आणि तुमचा बदल झाकला जातो.

असेच दिसणारे पण वेगळे त्रास

लेआउट बदलत नाही, पण ऑल्ट-टॅबमध्ये रायटरच्या चार फायलींऐवजी एकच चिन्ह दिसतं, असं असेल तर तो ग्नोमचा स्वभाव आहे. तिथे मुळात ऑल्ट-टॅब प्रोग्रॅम बदलतं, विंडो नव्हे. एकाच प्रोग्रॅमच्या विंडोंत फिरायला ऑल्ट आणि टॅबच्या वरचं बटण. ते नको असेल तर सेटिंग्जमधल्या कीबोर्ड शॉर्टकटमध्ये नेव्हिगेशनखाली ‘स्विच विंडोज’ला ऑल्ट-टॅब द्या, आधीच्याच्या जागी लावू का असं विचारेल, हो म्हणा.

एक्सएफसीईत दुसऱ्या वर्कस्पेसवरची विंडो यादीत येत नसेल तर विंडो मॅनेजर ट्वीक्समध्ये सायकलिंगचा टॅब उघडा, सगळ्या वर्कस्पेसमधून फिरण्याचा पर्याय तिथे आहे. आम्ही तो मुद्दाम बंद ठेवला आहे.

ऑल्ट-टॅब अजिबातच चालत नाही आणि विंडोंच्या वरच्या पट्ट्याही नाहीशा झाल्या आहेत, तर कीबोर्डचा संबंध नाही. विंडो मॅनेजरच बंद पडला आहे. एक्सएफसीईत ऑल्ट-एफ-२ दाबून, तेही चालत नसेल तर टर्मिनलमध्ये, एक्सएफडब्ल्यूएम४ आणि पुढे डॅश-डॅश-रिप्लेस लिहा, पट्ट्या परत येतात. दर लॉगिनला हेच होत असेल तर लॉगआउट करताना ‘सेशन जतन करा’ ही टिक राहिली आणि ही मोडकी अवस्थाच जतन झाली असणार. घरच्या फोल्डरमध्ये डॉट-कॅशच्या आत सेशन्स नावाचा फोल्डर आहे, त्यातल्या फायली काढून टाका आणि पुढच्या वेळी ती टिक न ठेवता लॉगआउट करा.

व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा संगणक चालवणारा प्रोग्रॅम) किंवा रिमोट डेस्कटॉप पूर्ण पडद्यावर असेल तर ऑल्ट-टॅब आतल्या संगणकाला जातं, बाहेरच्याला नाही. व्हर्च्युअलबॉक्समध्ये उजवं कंट्रोल एकदा दाबून सोडलं की कीबोर्ड बाहेर येतो.

खात्री कशी करायची

सगळं केल्यावर अंदाजावर राहू नका. टर्मिनलमध्ये एक्स, ई, व्ही ही तीन इंग्रजी अक्षरं लहान लिपीत लिहून एंटर करा. एक छोटी पांढरी विंडो उघडेल, तिच्यावर एकदा क्लिक करा. डेबियन-उबुंटूवर ही आज्ञा सापडली नाही तर एक्स११-यूटिल्स नावाचं पॅकेज बसवा. आता आधी डावा ऑल्ट धरा आणि तो धरूनच डावं शिफ्ट दाबा. हाच क्रम ठेवा, उलटा नको. टर्मिनलमध्ये प्रत्येक बटणासाठी काही ओळी येतील आणि त्यात त्या बटणाचं नाव असेल. शिफ्टच्या ओळीत ‘आयएसओ नेक्स्ट ग्रुप’ आलं तर जुना पर्याय कुठेतरी जिवंत आहे, वरच्या तिन्ही जागा परत बघा. ‘शिफ्ट एल’ आलं तर ते बटण परत शिफ्ट झालं.

मी हे काकांच्या संगणकावर त्यांच्याच करंगळीने करून घेतलं. ओळ आली, त्यांनी चष्मा वर करून वाचली, “शिफ्ट एल. बरोबर ना?” म्हटलं, बरोबर. त्यांनी ती पांढरी विंडो बंद केली, ऑल्ट-टॅबने फेरफाराच्या कागदावर गेले, एक पाऊल जास्त पडलं, ऑल्ट-शिफ्ट-टॅबने मागे आले आणि अर्धवट राहिलेलं शिवाराचं नाव पुढे टाइप करायला लागले.